हिरव्या शालूबद्दल

नमस्कार ताई,

नाटकातल्या कपड्यांच्या रंगांबद्दल मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘लग्नाच्या प्रवेशात हिरवा टाळा म्हणणं म्हणजे दिव्यांपायी रीत मोडणं. नाटककार विष्णुदास भाव्यांच्या सांगलीत कोण दिवे बघून कापड घेत होतं?’ असं तुम्ही विचारलंय. रीतीबद्दल तुमचं बरोबर आहे. ‘हिरवा टाळा’ असं सरसकट लिहिलं ही माझी चूक. नवरीचा हिरवा शालू आणि हिरवा चुडा न बोलता सगळं सांगून जातात.

पण ‘दुकानात आवडला की घ्यावा, पुढचं प्रकाशयोजनावाला बघेल’ हे मला अजिबात पटत नाही. हिरवं कापड मुख्यतः हिरवा प्रकाश परत पाठवतं, बाकीचा पिऊन टाकतं. दिव्याला गडद लाल जिलेटिन, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावलं की त्यात हिरवा उरतच नाही. मग कापडानं परत पाठवायचं काय? आमच्या एका रंगीत तालमीत गर्द हिरवा शालू असाच काळा पडला. अंतरपाट दूर झाला आणि दिसली ती नुसती जर. मागच्या रांगेतल्या आजी म्हणाल्या, “अगं, नवरीला काळं का नेसवलंय?” उजेड कमी-जास्त करणारा डिमर कितीही फिरवला तरी हे सुटत नाही. शेवटी समोरून बिनजिलेटिनचा एक स्पॉट घेतला, शालू पोपटीकडे झुकणारा आणला, तेव्हा कुठे हिरवा हिरवा दिसला.

आता भाव्यांचं. १८४३ साली त्यांचं ‘सीतास्वयंवर’ हे नाटक झालं तेव्हा वीज नव्हती. रात्री घरातही ज्योत, नाटकातही ज्योतच. त्या पिवळ्या उजेडात निळा अंश कमी, म्हणून लाल, केशरी आणि जर उजळायची, गडद निळं काळवंडायचं. हे रोज रात्री घरीच दिसत होतं, वेगळे दिवे बघायची गरजच नव्हती. आज दुकानात ट्यूब आणि रंगमंचावर हॅलोजन नाहीतर एलईडीचे दिवे. ट्यूबखाली तंतोतंत जुळलेला ब्लाउजपीस हॅलोजनखाली साडीपासून फटकून दिसू शकतो, कारण दोन्ही कापडांना वापरलेली रंगद्रव्यं वेगळी.

पांढऱ्या धोतराचं विचारलंत, तर ते चहाच्या पाण्यातून काढा. शुभ्र पांढरा डोळ्यांवर येतो, नटाचा चेहरा त्यापुढे काळपट वाटतो. धोतर मोतिया रंगाचं झालं तरी प्रेक्षकाला ते पांढरंच दिसतं.

शालूचा तुकडा काही कापून मिळत नाही. तेव्हा बदलून देणार का, हे दुकानदाराला आधी विचारा, घडी न मोडता तालमीला न्या, दिव्याखाली कुणाला तरी धरायला सांगा आणि स्वतः दहाव्या रांगेत जाऊन बघा.