चवथ आली की मीच व्हिलन

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, गोव्यात फोंड्याच्या मूळ घरी दीड दिवस, तीस माणसं आणि एक न्हाणीघर. त्याचं काही नाही. डोकं फिरतं ते फटाक्यांनी. मी माळा लावणं सोडलं त्याला सहा वर्षं झाली आणि तेव्हापासून दरवर्षी तेच. काका म्हणणार, "तू नको वाजवू रे, वर्गणी तेवढी दे!" पाचशे रुपये. नाही दिले तर मी कंजूष, दिले तर माझ्याच पैशांचा धूर.

माटोळी (गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळांची चौकट) बांधताना मात्र सगळे निसर्गप्रेमी! आंबाडे, तोरिंजन, सुपारीचा घोस, सगळं ताजं हवं. मूर्तीही चिकणमातीचीच (प्लास्टरवर गोव्यात बंदीच आहे म्हणा). आणि तासाभरात त्याच देवापुढे अंगणात सुतळी बॉम्ब. आरती रंगात आलेली, घुमट-शामेळ ही वाद्यं टिपेला आणि मध्येच धडाम! आजी पदराने कान झाकते, कुत्रा तुळशीमागे लटलट कापतो.

यंदा म्हटलं, "काका, पाचशेच्या नेवऱ्या (करंज्या) आणतो."

आतून काकी ओरडली, "मी तळलेल्या दीडशे कोण खाणार मग?"