वॉरबर्गचं मोजमाप आणि मावशीचा उपास

काल कट्ट्यावर चहा यायच्या आधीच आवाज चढले. कारण धाकट्याच्या मोबाईलवरचा फॉरवर्ड: 'साखर बंद करा, कॅन्सर उपाशी मरेल. नोबेल विजेते ऑटो वॉरबर्ग.' त्याच्या मावशीची केमो चालू आहे. हे वाचून तिने भात, पोळी, फळं सगळं सोडलंय. दोन आठवड्यांत पार वाळली.

"एवढा मोठा माणूस खोटं बोलेल का?" धाकट्याचा सवाल.

"अरे, त्याला १९३१चं नोबेल मिळालं ते पेशींच्या श्वसनातल्या, म्हणजे प्राणवायू वापरून ऊर्जा मिळवण्यातल्या, एन्झाइमबद्दल," मास्तर म्हणाले. "कॅन्सरवर उपाय सापडला म्हणून नाही."

मास्तरांनी आयुष्यभर जीवरसायन शिकवलंय. वॉरबर्ग म्हणजे त्यांचा जीव की प्राण. १९२०च्या दशकात बर्लिनच्या डालेममध्ये त्याने उंदरांच्या कॅन्सरच्या गाठींचे पातळ काप घेतले आणि ते किती प्राणवायू घेतात, किती आम्ल सोडतात हे मोजलं. प्राणवायू भरपूर असूनही गाठ ग्लुकोजचं लॅक्टिक आम्ल करत होती. तसं केलं की ग्लुकोजच्या एका रेणूमागे एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचे, दोनच रेणू हाती लागतात. तोच ग्लुकोज मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या श्वसनाच्या यंत्रांत, पुरता जाळला तर तीसच्या आसपास मिळतात.

"मग ही उधळपट्टी कशाला?" मी विचारलं.

"वॉरबर्गचं उत्तर होतं, गाठीतल्या पेशींचं श्वसनच कायमचं बिघडलंय आणि कॅन्सरचं मूळ तेच."

"आणि तिथेच तो चुकला," कट्ट्यावरचा आमचा डॉक्टर मध्येच म्हणाला. "१९५६मध्ये त्याने हे 'सायन्स'मध्ये लिहिलं. त्याच वर्षी त्याच नियतकालिकात सिडनी वाइनहाउस या जीवरसायनशास्त्रज्ञाने हरकत घेतली, की गाठी प्राणवायू व्यवस्थित वापरतात. तरी म्हातारा १९६६ला लिंडाऊला नोबेल विजेत्यांच्या मेळाव्यातल्या भाषणात तेच सांगत होता."

"मोजमाप चुकलं का त्याचं? सांग ना!" मास्तर उसळले. "मापं आजही खरी आहेत. गाठ शोधायचा पेट स्कॅन कशावर चालतो? किरणोत्सारी खूण लावलेली साखर टोचतात, ती जिथे जास्त ओढली जाते तो भाग चमकतो."

धाकट्याने तोच धागा पकडला. "म्हणजे साखर टोचली की गाठच चमकते! मेसेज खरा झाला की."

"मेंदूही चमकतो," डॉक्टर शांतपणे म्हणाला. "मग मेंदूचीही साखर तोडायची का?"

धाकटा गप्प झाला. मला स्वतःला पटलं ते डॉक्टरने पुढे सांगितलेलं. २०१५मध्ये उंदरांवर एक प्रयोग झाला. कॅन्सरच्या पेशींमधला मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए काढून टाकला, म्हणजे त्यांचं श्वसन बंद पाडलं, आणि मग त्या पेशी उंदरांत सोडल्या. गाठी लवकर वाढेनात. वाढल्या तेव्हा कळलं, पेशींनी यजमान उंदराकडून मायटोकॉन्ड्रिया पळवले होते! श्वसन बिघडल्यामुळे कॅन्सर होत असेल, तर श्वसनाची यंत्रं चोरायला तो का जाईल? नव्या पेशीच्या डीएनएसाठी लागणारा माल तयार करायलाही ते श्वसन चालू असावं लागतं.

"सगळीकडे असंच नाही हं," डॉक्टरने सांभाळून घेतलं. "काही दुर्मीळ गाठींत मायटोकॉन्ड्रियातलं एखादं एन्झाइम खरंच बिघडलेलं असतं. पण तो सरसकट नियम नव्हे."

मास्तर अजून हटले नव्हते. ज्याने मोजायला शिकवलं त्याला चुकीचा ठरवून मोकळं होऊ नका, एवढंच त्यांचं म्हणणं. मी त्यांच्या बाजूचा आहे, पण अर्धाच. आकडे आजही टिकून आहेत, त्यांचा त्याने लावलेला अर्थ टिकला नाही, आणि त्या अर्थावर एक आजारी बाई उपाशी राहतेय, याचा मला संताप येतो.

कारण गोड सोडलं म्हणून रक्तातली साखर संपत नाही. यकृत ती तयार करतं, आणि खाणंच तुटलं की त्यासाठी स्नायू झिजतात. गाठीला तिचा वाटा मिळतोच, झिजते ती मावशी.

"तिच्या डॉक्टरांना विचारलंस का खाण्याचं?" मी धाकट्याला म्हटलं.

"नाही. मेसेजच वाचला आम्ही."

चहा गार झाला होता. धाकटा उठून जरा बाजूला गेला. फोनवरचं एवढंच ऐकू आलं, "मावशी, थोडा मऊ भात खाशील का गं? उद्या मी येतो तुझ्याबरोबर, डॉक्टरांना समोरासमोर विचारू."