सुजलेला गुडघा आणि पाचशे बैठका

सकाळपासून तिघांनी तोच व्हिडिओ पाठवला. तालमीतलं सोळा-सतरा वर्षांचं पोरगं, डाव्या गुडघ्याला क्रेप बँडेज, गुडघा नारळाएवढा झालेला आणि गडी बैठका मारतोय. मागून कुणीतरी मोजतंय, पाचशेपर्यंत नेणार म्हणे. खाली कमेंट्सचा पाऊस. "याला म्हणतात रग", "वाघ आहे वाघ".

वाघबिघ काही नाही. जरा नीट बघा. खाली जाताना सगळा भार उजव्या पायावर, वर येताना कंबर उजवीकडे ओढली जातेय. मोजणाऱ्याचं लक्ष आकड्यावर, म्हणून त्याला ते दिसत नाही.

गुडघ्यात कट्ट आवाज आला आणि दोन-चार तासांत तो फुगला, तर आत रक्त साचलंय असं समजा. बऱ्याचदा एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत हाडांना जोडून ठेवणारं लिगामेंट, गेलेलं असतं. सूज दुसऱ्या दिवशी हळूहळू चढली, गुडघा मध्येच अडकायला लागला, तर संशय गादीवर, म्हणजे मेनिस्कसवर. दोन्ही वेळा पहिल्या दिवसांत गरम शेक नको, तेल लावून रगडणं नको. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, वर दाबाची पट्टी, पाय उशीवर आणि लवकरात लवकर डॉक्टर. हाड बसवणाऱ्याकडे तर जाऊच नका. हाड जागच्या जागी असतं, गेलेलं असतं लिगामेंट. ते तो कुठून बसवणार?

खरा घात पुढे होतो. तीन-चार आठवड्यांत सूज उतरते. पोरगं सरळ रेषेत पळून बघतं, काही होत नाही. "बरा झाला की!" अहो, सरळ पळायला एसीएल फारसं लागतच नाही. लागतं ते पाय रोवून अंग फिरवताना. मॅटवर तर बूट चिकटून बसतो, पाय जागेवर राहतो आणि वरचं शरीर फिरतं. पहिल्याच जोरकस लढतीत गुडघा निसटतो, आणि तोवर शाबूत असलेली गादीही फाटते. एका दुखापतीच्या दोन होतात त्या इथे. व्हिडिओतलं पोरगं नेमकं याच वाटेवर आहे, आणि आपण टाळ्या वाजवतोय.

आता मला वस्तादांवर घसरायचं होतं, पण सगळा दोष त्यांच्या माथी मारणं बरोबर नाही. त्यांच्या गुडघ्याला कुणी कधी विचारलं होतं? त्यांनी जे सोसलं तेच ते शिकवतात. शिवाय पोराच्या डोक्यावर खुराकाचा खर्च असतो. दूध, बदाम, तूप, खोलीचं भाडं, बाप कुठून कुठून पैसे उभे करतो. यात्रा तोंडावर आल्या की पोरगं दुखणं लपवणारच.

आणि दुसऱ्या बाजूला आमचे डॉक्टर. एमआरआय उजेडात धरायचा, दोन मिनिटांत "कुस्ती बंद" म्हणायचं, पुढचा पेशंट. काय करायचं त्या पोरानं? तालमीत "सहन कर", दवाखान्यात "सोडून दे". मग ते दोघांनाही काही सांगत नाही, मेडिकलमधून गोळ्या घेतं आणि मातीत उतरतं. गोळीनं दुखणं दबतं, सैल गुडघा सैलच राहतो.

गुडघा गेलेल्या पैलवानाला तालमीत भरपूर काम असतं. ते द्यायचं कुणाला सुचत नाही, हे माझं खरं दुखणं.

डॉक्टरांनी परवानगी दिली की आधी गुडघा पूर्ण सरळ व्हायला हवा. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघा अधांतरी, दहा मिनिटं, दिवसातून तीनदा. मग गुंडाळी गुडघ्याखाली घेऊन ती खाली दाबायची, दहा सेकंद, दहा वेळा. मांडीचा पुढचा स्नायू दुखापतीनंतर झोपी जातो, त्याला उठवायचं हे काम. ते न करता बैठका मारल्या की सगळं ओझं चांगल्या पायावर जातं, व्हिडिओत गेलंय तसं. बैठकांऐवजी भिंतीला पाठ टेकून अर्ध्यापर्यंतच खाली, टाचा जमिनीवर, तीस सेकंद धरायचं, पाच वेळा. टाचा उचलून तळापर्यंतची बैठक इतक्यात नाहीच.

जोर मारा की! पाय सरळ असतात, गुडघ्याला त्रास नाही. दोर नुसत्या हातांवर चढा, फक्त उतरताना शेवटच्या दोन हातांवरून उडी टाकू नका, तिथंच माती होते. दोन स्टूल समोरासमोर ठेवा, जोडीदारालाही बसवा, आणि तीन-तीन मिनिटं नुसती मनगटाची पकड आणि मानेवरचा हात. पाय काढून घेतले की हाताची लबाडी किती कच्ची आहे ते लगेच कळतं. मानेसाठी पूल, म्हणजे डोकं आणि पाय टेकून कमान, नको, त्यात पायावर रेटा येतो. कपाळाला टॉवेल लावून जोडीदाराला ओढू द्या.

रोज सकाळी शिंप्याच्या टेपनं गुडघ्याच्या वाटीच्या मधोमध घेर मोजा. कालच्यापेक्षा सेंटिमीटरभर वाढला तर काल जास्त झालं, आज कमी करा. एवढं साधं आहे.

हो, माहितीये, कुणीतरी पैलवान बजरंग पुनियाचं नाव काढणारच. २०२१ ला टोकियोत त्यानं गुडघ्याची पट्टी न लावता लढून ८-० नं ब्राँझ नेलं. मान्य. पण तो त्याचा त्या ऑलिंपिकमधला शेवटचा सामना होता, सोबत फिजिओ होते आणि धोका कळण्याचं वय होतं. सतरा वर्षांच्या पोराचा मंगळवारचा सराव म्हणजे ऑलिंपिक नव्हे. त्यापेक्षा पैलवान विनेश फोगाट बघा. २०१६ ला रिओत गुडघा गेला, स्ट्रेचरवरून बाहेर नेलं, २०१८ ला एशियाडचं सुवर्ण. पुन्हा ऑगस्ट २०२३ ला गुडघ्याचं ऑपरेशन आणि वर्षभरानं पॅरिसच्या फायनलपर्यंत. मधल्या काळात ती पाचशे बैठका मारत नव्हती.

एसीएलचं ऑपरेशन झालं असेल तर नऊ महिन्यांच्या आत लढत नाही म्हणजे नाही. नऊ महिने झाले म्हणूनही लगेच नाही. एका पायावर लांब उडी मारून बघा. दुखऱ्या पायाची उडी चांगल्या पायाच्या नव्वद टक्के तरी भरली पाहिजे, आणि उतरताना गुडघा आत वळता कामा नये. मग आधी एकट्यानं पवित्रा आणि पायांची हालचाल, मग विरोध न करणाऱ्या जोडीदारासोबत डाव, मग अर्धा जोर, आणि सगळ्यात शेवटी खरी लढत. गुडघा टेकवून घुसायचा दुहेरी पट (समोरच्याचे दोन्ही पाय धरायचा डाव) आणि आतली टांग (आतून पाय अडकवायचा डाव) अगदी मागे ठेवा. समोरच्याच्या हातात आपला पाय सापडला आणि तो पिळायला लागला, तर बिनदिक्कत पाय सोडून गुण द्या. पहिली लढत बरोबरीच्या वयाच्या पोराशी लावू नका, त्याला जिंकायचं असतं. एखादा जुना, हाताला मऊ पैलवान गाठा, आणि कुठला गुडघा ते सलामीआधीच त्याला सांगा.