‘जन्मभराचं रेटिंग’ आणि दर्यापूरचं वावर

दिवाळीच्या आधी दर्यापूर तालुक्यातून नात्यातल्या एका काकांचा फोन आला. पोरगा बारावी झाला, त्याला पायलट व्हायचंय. “दोन एक्कर वावर काढतो म्हनतो बापू. पन अमेरिकेतला कागद जल्मभर चालते ना?” मागोमाग त्यांनी मेसेज धाडला. तोच मला आणखी तीन ग्रुपांवर दिसला. २०२५ च्या एप्रिलपासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर प्रवासी विमान उतरू लागलं, तेव्हापासून आमच्याकडे या विषयावर सगळेच बोलतात.

मेसेज असा: “अमेरिकेचं इन्स्ट्रुमेंट रेटिंग कधीच एक्स्पायर होत नाही. जगात कुठेही, कोणत्याही विमानावर चालतं. सराव सिम्युलेटरवर भरून निघतो. भारतात येऊन फक्त शिक्का मारायचा.”

हे रेटिंग म्हणजे ढगात, धुक्यात, बाहेर काहीच दिसत नसताना समोरच्या उपकरणांच्या भरवशावर विमान नेण्याची परवानगी.

‘एक्स्पायर होत नाही’ हे अर्धं खरं आहे, आणि घात तिथेच होतो. अमेरिकेच्या कागदावर मुदत खरंच नसते. पण गेल्या सहा महिन्यांत उपकरणांवर सहा अप्रोच (म्हणजे उतरण्यासाठी धावपट्टीकडे येणं), होल्डिंग (म्हणजे वाट पाहत एकाच जागी हवेत घिरट्या घालणं) आणि ठरलेला मार्ग पकडून धरण्याचा सराव झाला नसेल, तर त्या कागदावर ढगात शिरता येत नाही. पुढचे सहा महिने मोकळ्या हवेत, डोळ्यांवर आडोसा लावून आणि शेजारी दुसरा पायलट बसवून ही कसर भरता येते. तेही हुकलं तर रीतसर तपासणी द्यावी लागते. सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून वावर पेरलं गेलं असं होत नाही, तसंच हे. भारतात तर मुदतच बारा महिन्यांची, ती वाढवायची तर उड्डाणाची चाचणी. युरोपातही वर्षभराची, आणि तिथे सात वर्षांपेक्षा जास्त काळ पडून राहिलं तर लेखी परीक्षा पुन्हा.

एवढी कटकट का? यात्रेतल्या पाळण्यातून उतरल्यावर जमीन फिरते ना, तेच. तोल सांभाळणारं पाणी कानात असतं, आणि क्षितिज दिसेनासं झालं की ते सर्रास खोटं सांगतं. विमान एका अंगाला कललेलं असतं आणि अंग म्हणतं, सरळ आहे. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात उपकरणांवर उडायला न शिकलेल्या २० जणांना बनावट ढगात घातलं. सगळ्यांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. ते न शिकलेले होते हे कबूल. पण शिकलेला माणूस सराव सोडून बसला की त्याच वाटेला लागतो. मी स्वतः चार महिन्यांच्या खंडानंतर आडोसा लावून बसलो तेव्हा होल्डिंगची पहिली फेरी अशी काही काढली की शेजारचा प्रशिक्षक हसला. मला काही हसू आलं नाही.

‘जगात कुठेही’ हे मात्र सरळ खोटं. विमानालाही नागरिकत्व असतं आणि ते त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं: भारताचं व्हीटी, अमेरिकेचं एन, ब्रिटनचं जी. १९४४ च्या शिकागो कराराचं ३२वं कलम सांगतं की आंतरराष्ट्रीय उड्डाणात वैमानिकाचं लायसन्स विमान ज्या देशात नोंदलंय त्या देशानं दिलेलं किंवा मान्य केलेलं असावं. म्हणजे आधी विमानावरची अक्षरं वाचायची, मग खिशातला कागद काढायचा. भारतीय लायसन्स दाखवून अमेरिकेत प्रायव्हेट पायलटचं प्रमाणपत्र मिळतं, आणि मूळ लायसन्सवर इन्स्ट्रुमेंट रेटिंग असेल तर परदेशी पायलटांसाठीची वेगळी लेखी परीक्षा पास झाली की त्यावर तेही चढतं. पण ते मूळ लायसन्सच्या टेकूवर उभं असतं. इकडचं लायसन्स वैध राहिलं नाही की तिकडचं वापरता येत नाही. ब्रिटनमध्ये तर एक मर्यादित इन्स्ट्रुमेंट रेटिंग असं आहे की ते ब्रिटनबाहेर चालतच नाही.

‘कोणत्याही विमानावर’? अमेरिकेच्या नियमात एक इंजिनाच्या विमानावर केलेले अप्रोच दोन इंजिनांच्या विमानासाठी सरावात धरतात, एवढी सवलत खरी. हेलिकॉप्टरसाठी मात्र ते धरत नाहीत. आणि सरावात धरले म्हणजे दोन इंजिनांचं विमान ढगात न्यायची मुभा मिळाली असं नाही. त्यासाठी उपकरणांवरचं उड्डाण त्या विमानात करून दाखवावं लागतं, एक इंजिन बंद ठेवूनसुद्धा. जेटला तर टाइप रेटिंग, म्हणजे त्या ठरावीक मॉडेलची परवानगी, वेगळीच.

सिम्युलेटर मान्यताप्राप्त असेल तर चालतो, घरच्या संगणकावरचा खेळ नाही. रेटिंगसाठी लागणाऱ्या ४० तासांपैकीही आंतरराष्ट्रीय मानकानुसार ठरावीक तासच जमिनीवर भरता येतात.

राहिला शिक्का. परदेशी लायसन्स भारतीय करून घ्यायचं तर डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या, लेखी परीक्षा, पहिल्या वर्गाची वैद्यकीय तपासणी आणि उड्डाणाच्या चाचण्या, हे सगळं आहे. त्यात वेळ जातो, आणि वेळ गेला की सराव आटतो. मेसेज लिहिणाऱ्यानं खर्चाचा हिशेब अमेरिकेतून परतीच्या तिकिटापाशीच थांबवलाय.

काकांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि मेसेजात नसलेला प्रश्न विचारला. “मंग पोराची परीक्षा कोन्त्या इमानावर घेतात? एका इंजिनाच्या का दोन?” म्हटलं, काका, हेच एजंटाला लेखी विचारा, आणि इकडे आल्यावर चाचणीसाठी दोन इंजिनांचं विमान कोण देणार, कितीला देणार, तेही.

त्यांनी विचारलं. उत्तर अजून आलं नाही. त्या दोन एकरांत सध्या हरभरा आहे.