खुलासा: ‘नेच्याची गोळी घ्या, सनस्क्रीन सोडा’ हा मेसेज चुकीचा आहे

मुंबईतल्या बऱ्याच ग्रुपवर फिरतंय: नेच्याच्या (फर्नच्या) अर्काची एक कॅप्सूल घेतली की सनस्क्रीन नको, आणि महिन्यात वांगही जातात.

हा नेचा म्हणजे मध्य-दक्षिण अमेरिकेतला पॉलिपोडियम ल्यूकोटोमॉस. साधारण 240 मिलिग्रॅमच्या मात्रेने उन्हातली लाली थोडी उशिरा येते, असं छोट्या अभ्यासांत दिसलंय. ती फक्त जोड आहे, सनस्क्रीनचा पर्याय नव्हे. मे 2018 मध्ये अमेरिकेच्या एफडीएनेही (अन्न-औषध नियामक संस्था) कोणतीही गोळी सनस्क्रीनची जागा घेत नाही, असं सांगून विक्रेत्यांना ताकीद दिली होती. जुने वांग महिन्यात घालवण्याचा दावा तर निराधारच.

खरा धोका ‘हर्बल’ मिश्रणांत. लेबलवर बावची आहे का बघा. तिच्यातल्या सोरालेनमुळे त्वचा उन्हाला जास्तच हळवी होते. कोडावर ती वापरतात ती याचमुळे. ती पोटात घेऊन दुपारी दादरच्या फुलबाजारात तासभर उभं राहिलात तर फोड येऊ शकतात. सिगारेट ओढणाऱ्यांनी अशा गोळ्यांतलं जास्त मात्रेचं बीटा-कॅरोटीन (गाजरातलं नारिंगी द्रव्य) टाळावं. 20 मिलिग्रॅम रोज घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग वाढलेला आढळलाय.

चेहरा-मानेला दोन बोटं भरून एसपीएफ 30 चं सनस्क्रीन, बाहेर पडण्याआधी 15 मिनिटं. घाम आला की पुन्हा, एरवी दर दोन तासांनी. ढगाळ पावसाळ्यातही.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.