‘हिंदू’ म्हणजे चोर? हा फॉरवर्ड आता थांबवा

माझ्या भाचीच्या कॉलेजच्या ग्रुपवर एक मेसेज आला. तो मला पाठवून तिने विचारलं, “मावशी, हे खरं आहे का?” मेसेजमध्ये चार गोष्टी होत्या : ‘हिंदू’ ही मुघलांनी दिलेली शिवी आहे, फारसी कोशात त्याचा अर्थ चोर, गुलाम, काळा असा आहे, वेदांमध्ये हा शब्दच नाही आणि इराणात आजही चोराला हिंदू म्हणतात. हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. कोवळ्या वयाच्या मुलीला स्वतःच्या नावाची लाज वाटायला लावणारी गोष्ट पाठवायची, तर निदान ती आधी तपासा तरी!

मुघलांचं आधी बघू. बाबराने दिल्ली घेतली १५२६ मध्ये. इराणचा सम्राट पहिला दारयवहु, म्हणजे इंग्रजी पुस्तकांतला डरायस, वारला इ.स.पू. ४८६ मध्ये. इराणातल्या नक्श-ए-रुस्तमला त्याच्या थडग्यावर त्याच्या ताब्यातल्या देशांची यादी कोरली आहे. त्यात गांधार आहे आणि ‘हिंदुश’ही आहे. सूसा या राजधानीतल्या राजवाड्यासाठी हस्तिदंत कुठून आणला, तेही त्याने कोरून ठेवलंय, त्यातही हिंदुश आहेच. हिंदुश म्हणजे सिंधूकाठचा मुलूख. इस्लामचा उदय व्हायला तेव्हा अकराशे वर्षं अवकाश होता.

यावर आपल्याकडचे काहीजण उत्तर देतात, की इराण्यांना ‘स’ म्हणता येत नव्हता म्हणून ‘ह’ आला. हेही चूक. सर, साल, सफेद हे शब्द फारसीच आहेत. इराणी भाषांत जुना ‘स’ ठराविक जागी नियमाने ‘ह’ झाला, एवढंच. सहस्रचं हजार झालं, सप्तचं हफ्त झालं आणि आपला ‘हप्ता’ त्यातूनच आला. पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथातली ‘हप्त हिंदु’ म्हणजे आपली सप्तसिंधू.

आता त्या कोशाकडे वळू, कारण खरी खोडी तिथे आहे. स्टाइनगासचा १८९२ चा फारसी-इंग्रजी कोश कुणालाही पाहता येतो. ‘हिंदू’पुढे त्यात काळा, नोकर, गुलाम, लुटारू हे अर्थ आहेत, हे मला नाइलाजाने मान्य करावं लागतं. पण पहिला अर्थ आहे हिंदुस्थानचा माणूस, आणि पहारेकरी हाही एक अर्थ त्याच नोंदीत आहे. पुढे पाठवणाऱ्याने हे दोन्ही गाळले. चोर आणि पहारेकरी हे दोन्ही एकाच शब्दाचे अर्थ कसे? कारण हे मूळ अर्थ नव्हेतच. गझनीच्या स्वाऱ्यांत इथून माणसं गुलाम करून नेली गेली. तिथे ती राबली, पहाऱ्यावर उभी राहिली. त्यांच्या रंगावरून आणि कामावरून फारसी कवितेने रूपकं रचली आणि कोशकाराने ती टिपली. चौदाव्या शतकातला फारसी कवी हाफिज म्हणतो, की शिराजच्या त्या तुर्काने, म्हणजे त्या प्रिय व्यक्तीने, माझं मन हाती धरलं, तर त्याच्या ‘हिंदू’ तिळावरून समरकंद आणि बुखारा ओवाळून टाकीन. आता तो तीळ काय चोर आहे? तो काळा आहे आणि कवीला दोन शहरांहून प्रिय आहे. शिवाय याच गझलेत लूट करणारे म्हणून नाव येतं ते तुर्कांचं! मेसेजचा न्याय लावायचा, तर ‘तुर्क’ म्हणजेही लुटारू असंच म्हणावं लागेल. तसं कुणी पाठवत नाही.

वेदांमध्ये हा शब्द नाही हे खरं, तिथे सिंधू आहे. पण त्यावरून ती शिवी ठरत नाही. विजयनगरच्या राजांनी चौदाव्या शतकातच ‘हिंदूरायसुरत्राण’, म्हणजे हिंदू राजांमधला सुलतान, हे बिरुद आपल्या शिलालेखांत कोरून घेतलं. सोळाव्या शतकात आपल्या एकनाथांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ लिहिला आणि त्यातला हिंदू तुर्काशी बरोबरीने वाद घालतो. शिवी कुणी अशी मिरवत नाही.

अरबीत तर ‘हिंद’ हे मुलीचं नाव आहे आणि हिंदी पोलादाच्या तलवारीला ‘मुहन्नद’ म्हणत. आजच्या इराणात भारताला ‘हेंद’ म्हणतात, भारतीय माणसाला ‘हेंदी’ आणि कलिंगडाला ‘हेंदवाने’. चोराला म्हणतात ‘दोज्द’.