बांगडो तव्यार आसा

माझी बायको माहेरी, म्हणजे सावंतवाडीला गेली की माझं पोट बंदराच्या वाटेवरच्या एका खानावळीच्या हवाली होतं. यात तक्रारीला जागा नाही. मालवणात उपाशी राहायचं तर त्यासाठी वेगळे कष्ट घ्यावे लागतात. शिवाय आठवड्याचे सहा दिवस ही खानावळ खानावळीसारखीच वागते. स्टीलचं ताट, उकड्या तांदळाचा भात, तिरफळं घातलेलं तिखलं, एक तळलेला बांगडा, वाटीत सोलकढी. मान खाली घालून जेवावं, हात धुवावेत, गल्ल्यावरच्या भाऊंना पैसे द्यावेत आणि बडीशेप चघळत घरी यावं. सगळा कार्यक्रम वीस मिनिटांचा.

शनिवारचं तसं नाही. शनिवारी तिथे ‘लाइव्ह म्युझिक’ असतं.

हे भाऊंच्या झिलाचं, म्हणजे मुलाचं, कर्तृत्व. तो चार वर्षं मुंबईत एका हॉटेलात होता. येताना त्याने दोन उभे स्पीकर, एक मिक्सर आणि एक कल्पना आणली. (मिक्सर आवाजाचा. भाऊंच्या आयेने त्यात खोबरं कुठून घालायचं असं विचारलं होतं.) बोर्ड रंगवायला दिला तो होड्यांवर नावं काढणाऱ्या पेंटरकडे. मजकूर होता ‘ताजे मासे, लाइव्ह म्युझिक’. पेंटरने घाईघाईत शब्दांची अदलाबदल केली आणि बोर्ड लागला तो ‘लाइव्ह मासे, ताजे म्युझिक’ असा. भाऊ म्हणाले, “ऱ्हवांदे, खोटां काय आसा तेच्यात?” पर्यटक त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढतात. एका पुणेकराने आत येऊन मासे कुठे पोहतात ते दाखवा म्हटलं, तेव्हा भाऊंनी त्याला समुद्र दाखवला.

यातलं काही मला माहीत नव्हतं, त्या माघातल्या शनिवारी मी आठ वाजता जाऊन बसलो तेव्हा. भाऊ म्हणाले, “बसा मास्तरांनू. बांगडो तव्यार आसा.”

हे वाक्य मी त्या रात्री नऊ वेळा ऐकलं. बांगडा तव्यावर किती वेळ असतो? एका अंगाला चार मिनिटं, दुसऱ्या अंगाला चार. माझा बांगडा त्या हिशोबाने बहात्तर मिनिटं तव्यावर होता. एवढ्यात तवासुद्धा तळून निघाला असता. खरा प्रकार मागाहून कळला. वाढणारा पोरगा ढोलकीवर असतो आणि चुलीजवळची काकी कोरसमध्ये. गाणं चालू असताना स्वयंपाकघरात फक्त मांजर असतं, आणि मांजराला गाण्यात रस नाही. माझा पहिला बांगडा असा गेला.

आवाजाचं सांगायचं तर झिलाला त्या मिक्सरवरचं ‘इको’ नावाचं एक बटण फार आवडतं. ते त्याने एकदा शेवटापर्यंत फिरवलं ते फिरवलंच. त्यामुळे माइकमध्ये एकदा बोललेला शब्द चार वेळा ऐकू येतो, शेवटचा किल्ल्याच्या तटाला आपटून आल्यासारखा. गाण्यांचं एकवेळ ठीक आहे. पण दोन गाण्यांच्या मध्ये त्याच माइकवरून खानावळीचा, आणि हळूहळू गावाचा, कारभार चालतो. “तीन नंबरचां तिखलां तयार... तयार... तयार.” “गेटीर कोणाची मोटरसायकल आसा ती काढा... काढा.” “रामेश्वराकडल्या कोणाची गाय बाजारात फिरता... फिरता...” आणि मग, माझ्याकडे बघत, अत्यंत मायेने, “वयनी म्हायेराक गेल्यात, मास्तरांका भात वायच जास्ती घाल रे... घाल रे... घाल रे...”

दुसऱ्या दिवशी बाजारात चार जणांनी मला वहिनी कधी येणार म्हणून विचारलं. पाचव्याने भात पुरला का विचारलं.

पण त्या माइकबद्दल माझ्याच्याने फार वाईट बोलवत नाही. एका शनिवारी देवबागच्या एका म्हाताऱ्याच्या छातीत कळ आली आणि ओरोसच्या सरकारी रुग्णालयात न्यायला गाडी हवी, असा निरोप त्याच माइकवरून दिला गेला. इको विरायच्या आत तीन गाड्या सुरू झाल्या होत्या. गाणारा अर्धा अंतरा टाकून गाडी काढायला गेला तो गेलाच. म्हातारा बरा होऊन घरी आला आणि गाणाऱ्याने पुढच्या शनिवारी तो अंतरा तिथूनच पुरा केला. मधल्या सात दिवसांत त्याचा सूरही आहे तिथेच राहिला होता.

बाहेरच्या माणसाला वाटतं की खानावळीत दोन पक्ष असतात, एक गाणारा आणि एक ऐकणारा. आमच्याकडे हा भेद नाही, आणि त्याचं कारण मला वाटतं रापण आहे. रापणीचं जाळं होडीतून पाण्यात अर्धगोल टाकतात आणि त्याच्या दोन टोकांचे दोर किनाऱ्यावरून ओढतात. ओढायला माणसं लागतात, म्हणून पहाटे किनाऱ्यावरून नुसता फिरायला गेलेला माणूसही दोराला हात लावतो आणि घरी चार पेडवे घेऊन येतो. दोराला हात लागला की वाटा ठरला. भाऊंच्या खानावळीत बाकड्याला पाठ लागली की वाटा ठरतो. फरक इतकाच की इथला वाटा नको म्हणता येत नाही.

त्यामुळे तिथे गाणारे कोण, तर तुम्ही आम्हीच. बर्फाच्या कारखान्यातला एक जण आहे, त्याला सगळी विरहाचीच गाणी येतात आणि ती तो शेजारी बसलेल्या बायकोकडे बघून म्हणतो. ती शांतपणे कुर्लीची नांगी फोडत असते. एक निवृत्त तलाठी आहेत, ते गाण्याआधी गाण्याची माहिती सांगतात. सातबारा वाचावा तशी, मालकापासून कुळापर्यंत. टीका कुणावर करायची सोय नाही. एकदा मी शेजारच्या माणसाच्या कानात पुटपुटलो, “हा कोण रे रेडा?” तो म्हणाला, “माझो भाचो.” तेव्हापासून मी सगळ्यांना टाळ्या वाजवतो.

मग दशावतारातला राजा येतो. जत्रांचा हंगाम असला की नाटक रात्री उशिरा उभं राहतं ते उजाडेपर्यंत चालतं, म्हणून तो जाता जाता इथे जेवून घेतो. कधी कधी घाईत चेहरा आधीच रंगवलेला असतो. दशावताराला लिहिलेली संहिता नसते, सगळी भाषणं उभ्याउभ्या रचायची. ही सवय जेवताना कशी सुटणार? “प्रधानजी!” तो ढोलकीवरच्या पोराला हाक मारतो, “या नगरीत मत्स्याचा दुष्काळ पडला की काय? आमच्या उदरात अग्नी भडकला असता आपण चर्मवाद्य बडवीत बसला आहात!” आणि प्रधानजी ढोलकी टाकून धावतात. त्या रात्री ते धावले आणि तव्यावरचा तयार बांगडा घेऊन आले. तो माझा दुसरा बांगडा. राजाने दोन मिनिटांत त्याचा काटा उरवला आणि माझ्याकडे बघून मान लववली. मला मेलं ते बरंही वाटलं.

याहून खरा कसोटीचा प्रसंग म्हणजे दोन भजनी बुवा एकाच वेळी जेवायला येणं. कोकणात डबलबारी नावाचा प्रकार आहे हे ज्यांना ठाऊक आहे ते असं काही दिसलं की हळूच पैसे देऊन निघतात. समोरासमोर दोन भजनी मंडळं बसतात, एका बुवाने गाऊन टोला द्यायचा, दुसऱ्याने गाऊनच तो परतवायचा, आणि देवळाच्या पटांगणात माणसं रात्रभर बसून कोण कोणाला भारी पडला ते मोजतात. त्या शनिवारी एक बुवा खिडकीपाशी होते, दुसरे बेसिनपाशी. आणि पापलेट एकच उरलं होतं. ते खिडकीपाशी गेलं.

बेसिनपाशीच्या बुवांनी हात पुसले आणि पेटी पुढे ओढली. आकाशवाणीने १९४० साली पेटीला दार बंद केलं होतं, ते १९७१ साली कुठे किलकिलं झालं. पेटीला मींड काढता येत नाही, असा तज्ज्ञांचा आक्षेप होता. बुवांच्या पेटीला मींड काय, दम काढता येत नव्हता. भात्याच्या एका भोकातून ती मध्येच सुस्कारा टाकायची. पण बुवांनी गजर धरला, लय चढवली आणि मधेच समोर बघत ओळ टाकली,

‘पापलेटाचा काटा गळ्यात ज्याच्या,
सूर कसा लागावा पेटीत त्याच्या!’

खानावळ उठून उभी राहिली. खिडकीपाशीच्या बुवांनी खरोखरच घशातला काटा काढण्याचं नाटक केलं, पाणी प्याले आणि उत्तर दिलं. ते उत्तर मी इथे लिहीत नाही. त्यात दुसऱ्या बुवांच्या सासुरवाडीचा आणि सुक्या बोंबलाचा संबंध होता. पुढचा पाऊण तास स्वयंपाकघरात पुन्हा मांजराचं राज्य होतं.

या सगळ्यात मी गाणार नाही हे माझं ठरलेलं होतं. मी पस्तीस वर्षं गणित शिकवलं. वर्गात माझा आवाज चढलेला सगळ्यांनी ऐकला आहे, लागलेला कुणी नाही. पण दोन बारींच्या मध्ये झील वही घेऊन माझ्यापाशी आला.

“माका गाणां म्हणाक येना नाय,” मी म्हटलं.

“मास्तरांनू,” भाऊ गल्ल्यावरून म्हणाले, “गणपतीत आरतेक सगळ्यात मोठो आवाज कोणाचो असता?”

याला उत्तर नव्हतं. कोकणातला माणूस न्यायालयात खोटं बोलेल, पण आरतीच्या आवाजाबद्दल त्याला खोटं बोलता येत नाही, साक्षीला सगळी वाडी असते. “लिव रे,” भाऊ म्हणाले, “मास्तर, फुडचो शनवार, सात नंबर.” आणि झिलाने ते माइकवरून जाहीर केलं. सात नंबर... सात नंबर... सात नंबर.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. नकार द्यायला तीनदा खानावळीत गेलो आणि तीनदा जेवून आलो. गळा बसल्याचं सोंग करावं म्हटलं तर भाऊंच्या आयेने सोलकढीऐवजी मिरीचा काढा पुढे ठेवला. शेवटी विहिरीवर, रहाटाच्या आवाजाखाली, कुणाला कळणार नाही अशा बेताने एक जुनं नाट्यपद गुणगुणायला घेतलं. चौथ्या दिवशी शेजारची पोर कुंपणापलीकडून म्हणाली, “काकानू, दुसरी ओळ काल बरी म्हटलास.”

शनिवारी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. तो बांगड्यासाठी घातला असं समजावं. तलाठ्यांचा नंबर दुसरा होता आणि त्यांनी गाण्याची माहिती सांगायला अठरा मिनिटं घेतली. मी घड्याळ लावलं होतं. बर्फवाल्याने एक म्हणतो म्हणून तीन म्हटली. यजमानाची ओळख असलेल्या एका पाहुण्यांनी वहीत नाव नसताना मध्येच माइक घेतला, तेव्हा मी शिस्त या विषयावर शेजाऱ्याशी बराच कडक बोललो. सहाव्या नंबरला भाच्याचा मामा उठला. नऊ वाजून पन्नास मिनिटं झाली होती. माझ्या तळहाताला घाम होता, पहिली ओळ ओठांवर होती आणि ताट अजून आलेलं नव्हतं.

रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर वाजवू नये, असा सरकारचा २००० सालचा नियम आहे. भाऊंच्या आयेला तो नियम माहीत असायचं कारण नाही. तिचा स्वतःचा नियम त्याच्याहून जुना आहे आणि तिचं घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे. ती मागच्या पडवीतून काठी टेकत आली, मीटरच्या पेटीपाशी गेली आणि मेन स्विच खाली ओढला.

“वाजले धा. उठा. माका निजाक व्हया.”

अंधार झाला. पंखे थांबले, स्पीकर थांबले आणि इको पहिल्यांदाच बंद झाला. समुद्राचा आवाज आत आला; तो तिथे आधीपासून होता हे कुणाच्या लक्षात नव्हतं. मामा माइक नसतानाही तेच कडवं म्हणत राहिला, आणि खरं सांगायचं तर बरं म्हणत होता. कुणीतरी मोबाइलचा दिवा लावला. त्या उजेडात काकीने माझ्यापुढे ताट ठेवलं. बांगडा होता. गार झाला होता, पण अख्खा होता.

“मास्तरांनू, तुमचो नंबर ऱ्हवलो,” भाऊ म्हणाले.

“असूदे, असूदे,” मी म्हटलं. “मला काय त्याचं!” हे मी जरा मोठ्याने म्हटलं असावं, कारण अंधारात दोनतीन जण हसले.

रविवारी बायको आली. सावंतवाडीहून आणलेल्या पिशव्या रिकाम्या करता करता तिने विचारलं की या आठवड्यात काय काय करू. मी म्हटलं, जे करायचं ते कर, फक्त शनिवारी रात्री माझं जेवण धरू नकोस.

“कशाक?” ती म्हणाली. “थंयसर गाणी आयकाची लागतत म्हणान फोनार बोंबलत होतास मां?”

“बांगडो बरो असता थंय,” मी म्हटलं, आणि सदरा धुवायला टाकला.